पळणारा मुलगा

परवा आत्या फोनवर कुणाला तरी माझी खुशाली कळवत होती. "बरा आहे. एक मुलगा पळतो, ते बघत बसलेला असतो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण ती म्हणाली, "छे, अजून कुठे पोहोचतोय तो!"

मला हे लागलं. 'द फ्लॅश' या अमेरिकन मालिकेचं इतकं नेमकं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही, म्हणून तर जास्तच. 2014 ते 2023, नऊ सीझन, 184 भाग. नायक बॅरी ॲलन, जगातला सर्वांत वेगवान माणूस. हे तो स्वतःच आपल्याला ऐकवतो, आणि मग त्याच्याहून वेगवान कुणीतरी येऊन त्याला बडवून जातं. पहिल्या तिन्ही सीझनचे मुख्य खलनायक पळणारेच. तिसऱ्याचं नाव सॅव्हिटार, म्हणजे थेट गायत्री मंत्रातला देव, आणि मुखवट्याआडून निघतो कोण, तर भविष्यातला बॅरीच!

आत्या शेजारी बसून शब्दकोडं सोडवते. तिचं लक्ष नसतं, असं तिचं म्हणणं.

"हे दोघे बोळात उभे राहून काय बोलतायत?"

"बॅरीचा आत्मविश्वास गेलाय. बायको त्याला धीर देतेय."

"आणि तिकडे शहर बुडतंय ना?"

"हो."

"मग आधी जाऊन ये म्हणावं. हा तर दोन सेकंदांत परत येईल. मग बसा बोलत रात्रभर."

मी गप्प.

"त्या कानातल्या यंत्रातून सगळे 'पळ बॅरी, पळ' काय ओरडतात? त्याला दुसरं येतं काय?"

"अगं आत्या, ते प्रोत्साहन असतं."

"आणि तो फ्लॅश आहे हे गुपित ना? मग आत्ता पुन्हा मुखवटा काढला की त्याने! हे कुणाला माहीत नाही तेवढं सांग, यादी छोटी होईल." मग पेन्सिल तोंडात धरून, "वेगासाठी चार अक्षरी शब्द सांग. तुझ्या त्या मुलाला विचार हवं तर. नको, उशीर होईल."

खरी चीड आत्याची नाही. मालिका सरळ टाकाऊ असती, तर मी दुसऱ्याच आठवड्यात सुटलो असतो. पण पहिल्या सीझनच्या पंधराव्या भागात बॅरीचा गुरू म्हणवणारा वेल्स आपला थरथरता हात बॅरीच्या मित्राच्या, सिस्कोच्या छातीत घालतो, तिकडे त्सुनामी शहरावर येते, आणि माझा चहा हातातच निवतो. (बॅरी पळता पळता आदल्या दिवसात जातो आणि हे सगळं घडलंच नाही असं होतं, तो भाग वेगळा.) चौथ्या सीझनचा पंधरावा भाग तर बघावाच. अणुबाँब फुटलाय, स्फोटाचा गोळा जवळजवळ गोठलाय, आणि अख्खा भाग त्या एका क्षणात घडतो. बॅरी एकेकाला हात लावून त्या क्षणात ओढतो, उपाय विचारतो, आणि एकेक जण दमून पुन्हा पुतळा होतो. 'जे गॅरिक' नावाचा जुना फ्लॅशही येतो. ते काम करणारे नट जॉन वेस्ली शिप 1990 च्या मालिकेत स्वतः फ्लॅश होते, इथे बॅरीचे वडीलही तेच झालेत. पण तिकडे शिरलो तर मी बाहेर येणार नाही. बोळातलं भाषण नाही, कुणी रुसत नाही, फक्त एक माणूस थकत जातो.

हा भाग मी आत्याला आग्रहाने दाखवला. तिने कोडं बाजूला ठेवलं. संपल्यावर म्हणाली, "छान होतं की रे. म्हणजे येतं यांना. मग बाकीचं मुद्दाम करतात?"

याला काय उत्तर देणार? चॅनेलला वर्षाला वीसेक भाग हवे होते, गोष्ट होती आठ-दहांची. मग उरलेल्यांत गैरसमज, लपवाछपवी, "मला तुला काहीतरी सांगायचंय" म्हणून न सांगणं. तेही समजू शकतो. पण ज्यांना एका क्षणाचा भाग रचता येतो, त्यांनी एका गैरसमजाला पाच भाग लावावेत याचा मला राग येतो. आणि मी बघणार हे त्यांना ठाऊक असतं, याचा त्याहून जास्त.

पुढचा भाग आपोआप सुरू झाला. त्यात बॅरीची शक्ती बायकोला, आयरिसला मिळते. ती पळते, तो खुर्चीत बसून कानातल्या यंत्रातून तिला सूचना देतो. माझ्या कपाळाला आठ्या पडल्या.

आत्या मात्र खुर्ची पुढे ओढून बसली. "बघ, आता कळेल त्याला बायकोने रोज काय काय सांभाळलं ते. आवाज वाढव जरा."