८९० म्हणजे देशी माल नव्हे

देशी माल कसा ओळखायचा यावरच्या एका लेखात सांगितलंय की बारकोड ८९० ने सुरू झाला की माल भारतात बनलेला. हे चूक आहे. ८९० एवढंच सांगतो की नंबर जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय. आत चीनहून आलेला डबा असू शकतो. आयएसआय या दर्जाच्या शिक्क्यावरही विसंबू नका, परदेशी कारखान्यांनाही त्याचं लायसन्स मिळतं. कुकर घेताना शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर (म्हणजे लायसन्स नंबर) भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाका, कारखान्याचा पत्ता समोर येतो.

खरी माहिती बारीक अक्षरात असते. ‘मार्केटेड बाय’ सोडून द्या, तो नुसता विकणारा. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ शोधा. ‘इम्पोर्टेड बाय’ दिसलं की विषय संपला. साबण-बिस्किटांवर कधी चार-पाच पत्ते असतात, प्रत्येकापुढे ए, बी असं अक्षर. तेच अक्षर बॅच नंबरात कुठलं आहे ते बघा, म्हणजे तुमच्या हातातला पुडा कुठल्या कारखान्यातला ते कळतं. पत्त्यातला पिन ४००६०४ असेल तर ठाण्याची वागळे इस्टेट, ४००७०१ म्हणजे नवी मुंबईतला रबाळे-घणसोली पट्टा. (शाई पुसट असते, मोबाइलने फोटो काढून मोठा करा.)

एलईडी बल्बात मात्र शंभर टक्के देशी शोधत बसू नका. चिप बहुतेक बाहेरचीच. ड्रायव्हर (चिपला योग्य वीज पुरवणारा भाग), बॉडी, जोडणी, टेस्टिंग इथे होत असेल तर इथल्या हातांना काम त्यातूनच मिळतं. ऑनलाइन घेताना ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ वाचा आणि पार्सल आल्यावर खोक्यावरच्या मजकुराशी ताडून बघा. जुळलं नाही तर सील न फोडता परत.