इम्पोर्टचे नियम एकाच पानावर? जमणार नाही

प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येतं आणि लगेच त्याला माना डोलावल्या जातात: ‘मॉड्यूल इम्पोर्ट (दुसऱ्या फाइलमधला कोड आपल्या कोडमध्ये आणणं) कसं चालतं हे लँग्वेज रेफरन्समध्ये, म्हणजे भाषेचे नियम सांगणाऱ्या अधिकृत दस्तऐवजात, एकदाच, पूर्ण लिहा. ट्युटोरियल, लायब्ररीची पानं, एफएक्यू यांत पुन्हा काही नको.’ त्यामागची कारणंही ठरलेली असतात. इम्पोर्ट हा भाषेचा भाग आहे, गरजू माणूस रेफरन्स उघडतोच, आणि दोन ठिकाणी लिहिलं की त्यातलं एक शिळं होतं. तिसऱ्या कारणात दम आहे. पहिली दोन टिकत नाहीत.

‘इम्पोर्ट हा भाषेचा भाग आहे’

अर्धाच. २०१५ साली जावास्क्रिप्टच्या स्पेसिफिकेशनमध्ये मॉड्यूल आले. इम्पोर्ट कसं लिहायचं आणि नावं कशी जोडली जातात हे त्यात आहे. पण अवतरणात लिहिलेल्या नावावरून नेमकी कोणती फाइल उचलायची, हे जाणूनबुजून यजमानावर, म्हणजे कोड चालवणाऱ्या प्रोग्रामवर, सोडलंय. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा यजमान) नुसतं पॅकेजचं नाव दिलं तरी नोड_मॉड्यूल्स फोल्डरात शोधतो. ब्राउझर तेच नाव इम्पोर्ट मॅपशिवाय, म्हणजे कोणत्या नावाला कोणती फाइल या यादीशिवाय, नाकारतो. मग हा नियम भाषेच्या रेफरन्समध्ये कुठल्या तोंडाने लिहायचा? गो या भाषेचं स्पेसिफिकेशनही इम्पोर्ट पाथचा अर्थ अंमलबजावणीवर अवलंबून असल्याचं सांगून पुढे जातं. मॉड्यूलचा सगळा तपशील वेगळ्या दस्तऐवजात आहे.

पायथनकडे पाहू. तिथे खुद्द रेफरन्समध्येच या विषयाच्या दोन जागा आहेत: इम्पोर्ट हे विधान सातव्या प्रकरणात, इम्पोर्ट यंत्रणा पाचव्यात. ते बरोबरच आहे, कारण ते विधान दोन कामं करतं. आधी मॉड्यूल शोधतं, मग सापडलेलं नाव आपल्या स्कोपमध्ये, म्हणजे ते जिथे वापरता येतं त्या भागात, बांधतं. शिवाय सिस.पाथच्या, म्हणजे मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांच्या, यादीत सुरुवातीला काय असतं, हे इंटरप्रिटर कसा सुरू केला यावर ठरतं. स्क्रिप्ट चालवली तर त्या स्क्रिप्टचं फोल्डर सर्वांत वर बसतं. ते नको असेल तर ३.११ पासून वजा कॅपिटल पी हा पर्याय आहे, आणि त्याची जागा कमांड लाइनच्या पानावर. व्याकरणाशी त्याचा संबंध नाही.

‘गरज असेल तो रेफरन्स उघडेल’

उघडेल, पण आपली अडचण इम्पोर्टची आहे हे आधी कळायला हवं ना. नवशिक्या माणूस रँडम.पीवाय नावाची फाइल करतो. पहिली ओळ इम्पोर्ट रँडम, खाली रँडम.रँडइंट, म्हणजे यादृच्छिक आकडा देणारं फंक्शन. चालवली की ॲट्रिब्यूट एरर: मॉड्यूलमध्ये असं नावच नाही. झालेलं असं असतं: स्क्रिप्टचं फोल्डर यादीत पहिलं, म्हणून स्टँडर्ड लायब्ररीऐवजी त्याचीच फाइल सापडली. ती रँडम या नावाने पुन्हा चालू लागली, आणि अर्धवट भरलेल्या मॉड्यूलकडे रँडइंट मागितलं गेलं. गंमत म्हणजे फाइलचं नाव सिस.पीवाय ठेवलं असतं तर काहीच बिघडलं नसतं, कारण इंटरप्रिटरमध्येच बांधलेली मॉड्यूल्स आधी तपासली जातात.

हा माणूस पाचवं प्रकरण उघडेल? तो रँडमच्या पानावर जाईल आणि रँडइंट काढून टाकलं की काय ते बघेल. २०२४ साली आलेल्या पायथन ३.१३ ने यावर जो उपाय केला तो मला सगळ्यात पटतो. एररच सांगते की तुमच्या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, ते बदलून पाहा. म्हणजे इम्पोर्टचा एक नियम चक्क एररमध्ये डॉक्युमेंट झाला. एकाच जागेचा आग्रह धरणाऱ्यांच्या यादीत ही जागा मुळात नसतेच.

‘दोन ठिकाणी लिहिलं की एक शिळं होतं’

होतं, नाकारत नाही. २००२ सालचा पेप ३०२, म्हणजे पायथनमधल्या इम्पोर्टच्या बदलाचा प्रस्ताव, पाहा. त्यातली फाइंड_मॉड्यूल पद्धत ३.१२ मध्ये इम्पोर्ट यंत्रणेतून काढली गेली, पेपमध्ये ती अजून आहे. हा मजकूर आता अद्ययावत केला जात नाही, अशी सूचना पानाच्या माथ्यावर लावावी लागली. २०१२ साली ३.३ मध्ये इम्पोर्टला रेफरन्समध्ये स्वतंत्र प्रकरण मिळालं, ते हा विखुरलेपणा संपवायलाच.

पण यातून निघतं ते एवढंच की नियमाला एक मालक हवा. परिणाम सांगायला बंदी कशाला? ट्युटोरियल सांगतं की आधी अंगभूत मॉड्यूल, मग सिस.पाथमधली फोल्डरं. मेटा पाथवरचे फाइंडर, स्पेक, लोडर या यंत्रणेच्या आतल्या भागांचं तिथे नावही निघत नाही. याला पुनरुक्ती म्हणता येणार नाही.

आता एकमेकांना इम्पोर्ट करणारी दोन मॉड्यूल्स घ्या. मॉड्यूलचा कोड चालण्याआधीच त्याची नोंद सिस.मॉड्यूल्समध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलांच्या नोंदवहीत, होते, नाहीतर ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा लोड करत बसेल. हे कारण रेफरन्समध्ये आहे, आणि तिथेच हवं, कारण पायपायसारख्या दुसऱ्या इंटरप्रिटरलाही ते पाळायचंय. यातून सुटायचं कसं, कोणतं इम्पोर्ट खाली सरकवायचं, हे मात्र एफएक्यूमध्ये आहे. एकच पान हवं म्हणणाऱ्यांनी यातलं कोणतं पुसायचं तेवढं सांगावं.