नकाशा उघडला म्हणजे डेटा आला असं नाही

जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळायचं तंत्र) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "फॉरमॅट कुठलाही असो, एक्स्पोर्ट करा. फील्ड, म्हणजे तक्त्यातले रकाने, सॉफ्टवेअर आपोआप जुळवतं. नकाशा नीट दिसला की काम झालं, आणि बिघडलंच तर परत मूळ फॉरमॅटमध्ये आणता येतं." या सल्ल्यावर विसंबून गावांच्या याद्या आणि विहिरींच्या नोंदी खराब होतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'नकाशा नीट दिसला.' शेपफाइल हा नकाशांचा जुना, सर्रास वापरला जाणारा फॉरमॅट, पण ती एक फाइल नसते. आकार एसएचपी या फाइलीत, माहितीचा तक्ता डीबीएफ या दुसऱ्या फाइलीत. पडद्यावर दिसतात ते आकार. तक्त्याची वाट लागली तरी तालुक्याच्या सीमा जागच्या जागीच राहणार.

'आपोआप जुळवतं.' जुळवतं, पण डीबीएफच्या मर्यादेत. तिथे फील्डच्या नावाला जागा दहा बाइटांची. जीपॅकेज या नव्या फॉरमॅटमध्ये पॉप्युलेशन_२००१ आणि पॉप्युलेशन_२०११ असे दोन रकाने इंग्रजीत आहेत असं धरा. नुसत्या 'पॉप्युलेशन'च्या स्पेलिंगमध्येच दहा अक्षरं संपतात. जीडीएएल (फॉरमॅट बदलणारं सॉफ्टवेअर) पहिल्याला तेवढंच नाव ठेवतं आणि दुसऱ्याची आठ अक्षरं ठेवून पुढे _१ लावतं. वर्ष दोन्हीकडून गेलं. पुढे ही फाइल ज्याच्या हाती पडेल, त्याने कुठली जनगणना कुठली हे कशावरून ओळखायचं? मराठी नावांचे हाल जास्त. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं; काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'लोकसंख्या' सत्तावीस बाइटांची, त्यातलं धड उरतं ते 'लोक'. मजकुराच्या रकान्यालाही २५४ बाइटांचीच मर्यादा, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. लांब पत्ता मध्येच तुटतो. नाव बदलल्याची सूचना जीडीएएल देतं, पण ती लॉगमध्ये, आणि लॉग कोणी उघडत नाही.

रकान्यातली माहिती आकडा, मजकूर की तारीख, या प्रकारांचंही तेच. जनगणनेत हिमाचलचा कोड ०२. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आयात करताना तो आकडा मानला गेला की २ होतो आणि दुसऱ्या तक्त्याशी जोडणी लागत नाही. महाराष्ट्राचा २७ असल्यामुळे आपल्याकडे हे लवकर लक्षात येत नाही. मात्र गट नंबर १२/२ असलेली सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली, तर त्याची तारीख झालेली असते.

सगळ्यात घातक आहे ते रिकामं घर. डीबीएफमध्ये 'नोंद नाही' हे सांगायची भरवशाची सोय नाही, त्यामुळे काही सॉफ्टवेअर तिथे शून्य लिहितात. भूजल पातळीच्या तक्त्यात पाणी जमिनीपासून किती खोल हे लिहितात, म्हणून शून्य म्हणजे पाणी जमिनीला टेकलं! मोजणीच न झालेली विहीर तुडुंब ठरते आणि सरासरीही बिघडते.

'परत मूळ फॉरमॅटमध्ये आणता येतं.' कापलेलं नाव आणि शून्य झालेलं रिकामं घर परत येत नाही. केएमएल (गूगल अर्थचा फॉरमॅट) करताना तर अनेकदा सगळे रकाने वर्णनात एचटीएमएल (वेबपानाच्या भाषेतला) तक्ता म्हणून कोंबले जातात; उलटं रूपांतर केलं की हाती येतो एकच रकाना, टॅगांनी भरलेला.

जीपॅकेजमधून पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये जाताना एवढा त्रास होत नाही, हे मान्य. पण पलीकडे शेपफाइलच हवी असेल, तर क्यूजीआयएस या मोफत नकाशा सॉफ्टवेअरमधलं, रकान्यांची नावं-प्रकार बदलणारं 'रिफॅक्टर फील्ड्स' आधी उघडा. दहा बाइटांत बसणारी नावं स्वतः द्या, कोड मजकूर म्हणून ठेवा, रिकाम्या घरासाठी -९९९९ सारखा आकडा ठरवा आणि जुन्या-नव्या नावांची यादी फाइलसोबत पाठवा.