चिक्कीला शुगर झाली आणि केसपेपरवर लिहिलं: इतर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. एप्रिलमध्ये मी लातूरच्या सराफी दुकानात एक हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी, तोलून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याला श्रीखंडाच्या डब्यात घालून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात शेळ्या-वासरांच्या रांगेत उभी राहिले. जावेने ते ऐकून फोन ठेवला आणि हसू आवरल्यावर पुन्हा लावला.

चिक्की घरात आली ती लेकीच्या वाढदिवसाला. ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातीचा हॅमस्टर, मुठीत मावणारा, किंमत लेकीच्या शाळेच्या बुटांपेक्षा कमी. दुकानदाराने पिंजरा दिला, चाक दिलं, मध लावलेल्या दाण्यांच्या दोन कांड्या दिल्या. 'काही नाही मॅडम, काहीबी खातंय.' सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फक्त म्हणाल्या, 'लोकं उंदीर मारायला औषध आणतेत, तुम्ही पैसे देऊन आणलाव.'

त्या 'काहीबी खातंय'वर आम्ही विश्वास ठेवला. द्राक्षाचा तुकडा, केळ्याची चकती, गुळाचा खडा. लेकीने नाव चिक्की ठेवलं तेव्हा पुढे काय होणार आहे याची कुणाला कल्पना होती!

मार्च संपता संपता तो पाणी जास्त प्यायला लागला. आमच्या घरात पाणी मोजलं जातं. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हाची सवय अजून सुटलेली नाही. तरी सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, ऊन वाढलंय, पितंय बिचारं. पिंजऱ्यातला भुसा रोज ओला सापडायला लागला तेव्हा मला वाटलं बाटली गळते. मी काय केलं असेल? बाटली अर्धीच भरायला लागले. हे लिहितानाही लाज वाटते.

ओळखलं ते सासूबाईंनी. त्यांना स्वतःला बारा वर्षांपासून शुगर आहे. एका सकाळी पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली होती. दाणे दुसऱ्या कोपऱ्यात, तिकडे एकही मुंगी नाही. मुंग्या चालल्या होत्या तो जिथे लघवी करायचा तिथे. त्या वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'अगं, ह्याला शुगर झाली बघ.' मी हसले. मग उचलून घेतला तर पाठीचा कणा बोटाला लागला. खात तर भरपूर होता, मग हे अंग गेलं कुठे?

पुढचे दोन दिवस फोनाफोनी. ज्या दुकानातून आणला तिथे विचारलं तर म्हणे, लहान लेकरांचं अमॉक्सिसिलिनचं, म्हणजे जंतू मारायचं, औषध मिळतं मेडिकलवर, त्याचे दोन थेंब द्या. कुत्र्या-मांजरांच्या एका खासगी क्लिनिकने फोनवरच सांगितलं, रॅट आम्ही बघत नाही. रॅट नाही हो, म्हणेपर्यंत फोन कट.

वजनाची गंमत वेगळीच. घरात काटा नाही, वाण्याच्या काट्यावर एवढासा जीव दिसेचना. शेवटी मावसदिरांच्या सराफी दुकानात गेलो. काचेच्या पेटीतला काटा, त्यावर श्रीखंडाचा डबा, डब्यात चिक्की. आकडा 27 वर, 33 वर, पुन्हा 28 वर. दीर म्हणाले, 'वहिनी, सोनं हलत नाही, हे हलायलंय.' लेकीने सूर्यफुलाची एक बी टाकली, तो ती सोलायला बसला आणि तेवढ्यात आकडा थांबला. एकोणतीस ग्रॅम चारशे मिलिग्रॅम. तीन तोळ्यांना जरा कमी.

सरकारी दवाखान्यात कंपाउंडरने केसपेपर लिहायला घेतला. जनावराचा प्रकार? मी म्हटलं हॅमस्टर. त्याने डब्यात डोकावून बघितलं, रजिस्टरमध्ये गाय, म्हैस, शेळी, कुत्रा अशा नोंदी बघितल्या आणि शांतपणे लिहिलं, 'इतर'. मागे उस्मानाबादी शेळी घेऊन आलेले एक काका पोट धरून हसले आणि आमच्या आधी आत घुसले. ते मला पटलं. त्यांची शेळी अडली होती.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, शिकताना हॅमस्टर पुस्तकात बघितला, टेबलावर आज पहिलाच. मला हे आवडलं. ज्याला येत नाही तो 'येत नाही' म्हणाला की त्याच्याशी बोलता येतं. मग त्यांनी विचारलं, 'महिन्यापूर्वी वजन किती होतं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'पाणी रोज किती पितो?' हे मात्र होतं. सासूबाईंच्या सांगण्यावरून मी बाटली पुन्हा पूर्ण भरून तिच्यावर पेनने खूण केली होती. दिवसाला वीस मिलीच्या वर. डॉक्टरांनी पुण्यातल्या एका डॉक्टर मित्राला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, साधारण शंभर ग्रॅम वजनाला दहा मिली धरा. म्हणजे आमच्या तीस ग्रॅमच्या जिवाला तीन-चार मिली पुरायला हवं होतं.

दात बघितले. पिवळे दिसले म्हणून मी घाबरले, तर तो रंग नैसर्गिक. हे दात आयुष्यभर वाढतात, वाकडे वाढले तर खाता येत नाही आणि तसंही वजन उतरतं, म्हणून आधी ते तपासायचं. दात बरोबर होते, दाणे साठवायच्या गालाच्या पिशव्या मोकळ्या होत्या. मग लघवी. रिकाम्या स्वच्छ डब्यात भुसा न घालता त्याला ठेवला, दहा मिनिटं आम्ही तिघं त्या डब्याकडे टक लावून बसलो, आणि एक थेंब पडला. माणसांच्या लघवीतली साखर बघायची पट्टी त्या थेंबाला टेकवली. रंग गडद झाला, म्हणजे साखर होती. शुगर फार बिघडली की लघवीत कीटोन उतरतं, पट्टीवरचा त्याचा चौकोन मात्र बदलला नाही, त्यातल्या त्यात तेवढं बरं. एका पट्टीवर पक्कं निदान करत नाही, पण वजन, पाणी आणि पट्टी एकाच बाजूला बोट दाखवताहेत, असं डॉक्टर म्हणाले.

मी सासूबाईंचं इन्सुलिन डोळ्यासमोर आणून विचारलं. ते म्हणाले, पेनचं एक युनिटसुद्धा ह्याला झेपणार नाही, साखर झपकन खाली गेली तर हातात काही उरणार नाही. आधी खाणं बदला. फळं, गूळ, मधाच्या कांड्या बंद. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग कणभर, मोड आलेले मूग, दाणे मोजून. पाणी कधीच तोडायचं नाही. आणि अमॉक्सिसिलिनचं ऐकून तर पुण्याचे डॉक्टर फोनवर ओरडलेच. त्या गटातली औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, घातक जंतू माजतात आणि जुलाब लागून प्राणी जातो. दोन थेंब द्या म्हणे!

माझा राग त्या दुकानावर आहे, डॉक्टरांवर नाही. मराठवाड्यात परभणीला, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरने आधी देवणी गाय आणि लाल कंधारी बैल बघावा, यात चूक काय? लोकांचं पोट त्यावर आहे. पण जो हा प्राणी विकून नफा कमावतो त्याला तो काय खातो, कशाने मरतो हे ठाऊक नको? पेट शॉपसाठी 2018 पासून केंद्राचे नियम आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आमच्या दुकानदाराकडे नोंदणी आहे का, हे विकत घेताना मीही विचारलं नाही. लहान प्राणी म्हणजे लहान भानगड असं धरून चालले. गाय अर्ध्याने उतरली तर रस्त्यावरचा माणूसही सांगेल. हा पंधरा ग्रॅमने उतरला म्हणजे अर्धा संपला, आणि अंगावरच्या केसांमुळे दिसतही नाही.

आता ऑनलाइन मागवलेला छोटा काटा ओट्यावर असतो. दर रविवारी लेक वजन करून कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते. 28, 29, 31, मागच्या रविवारी 33. पाणी बारा मिलीवर आलंय. तो बरा झालाय असं मी म्हणणार नाही. हॅमस्टर जेमतेम दोन-अडीच वर्षं जगतो, त्यात हा आजार. माळकरी सासूबाईंनी घरात अंडं येऊ दिलं, फक्त भांडं वेगळं आणि शेगडी गॅलरीत. परवा स्वतःची शुगर तपासताना त्यांनी पट्टी हातात धरून विचारलं, 'त्याची बघितलाव का आज?'

लातूर, धाराशिव, नांदेड, बीडकडे हॅमस्टर, गिनी पिग, ससे बघणारे कुणी डॉक्टर माहीत असतील तर आधी त्यांना विचारा आणि मग कमेंटमध्ये नाव टाका. 'मेथीदाणे द्या' सांगणाऱ्यांनी कृपया थांबा, आतापर्यंत चौदा जणांनी सांगून झालंय.