पोटभाडेकरू नव्हे, भाचा!

घरमालकाची नोटीस आली? गिरगावातल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली तुम्ही बेकायदा पोटभाड्याने दिलीत म्हणे? आधी चहा घ्या. डोंबिवलीतल्या स्वतःच्या ब्लॉकमध्ये ऐसपैस बसून घ्या. नोटीस चाळीच्या पत्त्यावर आली आणि तुम्हाला ती व्हॉट्सअ‍ॅपवर पोचली, हे मालकाला कळायचं काही कारण नाही.

मग वकील गाठा. 'सदर नोटिशीतील मजकूर साफ खोटा, खोडसाळ व लबाडीचा असून तो आमचे अशिलास मान्य व कबूल नाही' हे वाक्य त्याच्याकडे तयारच असतं. नोटीस तो नंतर सवडीने वाचतो.

आता मुख्य मुद्दा. खोलीत राहतो तो तुमचा भाचा. चुकूनही पुतण्या म्हणू नका, आडनाव जुळवावं लागतं. भाच्याला ती अडचण नाही. ज्यांना सख्खी-चुलत एकही बहीण नाही अशा भाडेकरूंनाही चाळीत भाचे असतात, ते यामुळेच.

कायदा विचाराल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. करारात मुभा नसेल तर कलम 26 प्रमाणे पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि ठेवलात तर कलम 16 खाली मालक ताबा मागतो. बरं, भानगडच नको म्हणून कुलूप लावावं, तर त्याच कलम 16 मध्ये पुढे आहे : सबळ कारण नसताना सलग सहा महिने खोली वापरली नाही तरी ताबा मागता येतो. आत कोणी राहिलं तरी पंचाईत, नाही राहिलं तरी पंचाईत. कसलेला मालक एकाच दाव्यात दोन्ही लिहितो. खोली कायम बंद असते, आणि तिच्यात परके लोक राहतात.

मालक तरी कुठे गंगेत न्हाऊन आलाय? खोली पागडीने, म्हणजे भाडेहक्काची एकरकमी रक्कम घेऊन, दुसऱ्याच्या नावावर करा, त्याचा ठरलेला वाटा त्याला मोजा, की तोच परका माणूस त्याला घरचा वाटू लागतो. पागडीला याच कायद्याच्या कलम 56 ची मान्यता आहे, तेव्हा तिथे कोणी नाक मुरडत नाही.

जुने दिवस बरे होते. 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो लायसन्सवर, म्हणजे भाडेकरू न होता नुसत्या परवानगीच्या करारावर राहत होता, त्याला कायद्याने भाडेकरूच करून टाकलं. तुमच्या भाच्याचा जन्म 1998 चा, तेव्हा तो नाद सोडा.

पुराव्याकडे वळा. लघुवाद न्यायालयात मालकाला दाखवावं लागतं की ताबा तिऱ्हाइताकडे आहे. ते दाखवलं की खुलासा तुमच्या गळ्यात. म्हणून लाइट बिल तुमच्याच नावावर राहू द्या. ट्रंक माळ्यावर ठेवा. भिंतीवर वडिलांचा फोटो, त्याला ताजा हार, आणि हा फोटो कोणाचा ते भाच्याला आधी सांगून ठेवा. दर महिन्याच्या पाच तारखेला तो चौदा हजार पाठवतो, त्यापुढे 'रेंट' लिहू नकोस म्हणावं. 'मामींचं औषध' लिही. तुम्ही मालकाला 140 रुपये भाडं भरता, हा विषय मामींच्या तब्येतीसमोर कोणी काढणार नाही.

आठवडाभर तालीम घ्या. 'मामा' म्हण, वाकून नमस्कार कर, पाण्याचा तांब्या न सांगता पुढे कर.

मग कोर्ट कमिशनर पाहणीला येईल. मागे मालक, मागे गॅलरीतली अर्धी चाळ. दार तुम्ही उघडा, मालकीच्या थाटात. आत संध्याकाळचा अंधार. 'तीस वर्षं राहतोय साहेब,' म्हणत दाराशेजारच्या बटणाकडे हात न्या. हात कोऱ्या भिंतीवर फिरत राहील. तेवढ्यात मागून भाचा अदबीने म्हणेल,

'अंकल, बोर्ड आता इकडे घेतलाय.'