राख तासाभरात थंड होत नाही: पेलेट ग्रिलच्या ‘सात सूत्रां’ना उत्तर

माझा भाचा वाईजवळ, धोमच्या बाजूला कृषी पर्यटन चालवतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, त्यांच्यासाठी त्याने यंदा पेलेट ग्रिल घेतलं, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्यांवर (पेलेटवर) चालणारी विजेची शेगडी. त्याला कुणीतरी व्हॉट्सअॅपवर ‘पेलेट ग्रिलची सात सूत्रं, कंपन्या सांगणार नाहीत’ असा मेसेज पाठवला. त्याने तो मला पाठवून विचारलं, “मामा, राख पोत्यात भरून गोठ्यामागं ठिवली तर चालतीय न्हवं?” गोठ्यामागे काय असतं ते मला माहीत आहे. उसाचं पाचट आणि कडब्याची गंजी. नंतर तोच मेसेज मिरजेच्या एका हॉटेलवाल्याकडूनही आला, तेव्हा मात्र राहवलं नाही. मी एमआयडीसीत बॉयलरवर काम करतो. पेलेट, राख आणि राखेचे वितळून झालेले खडे यांच्याशी माझी रोजची गाठ आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: एक, फायरपॉटमधली, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्यातली, राख काढू नका, ती उष्णता धरून ठेवते आणि पेलेट वाचतात. दोन, ग्रिल बंद केल्यावर तासाभरात राख थंड होते, व्हॅक्यूमने ओढा किंवा पोत्यात भरा. तीन, महागडे पेलेट कशाला, बॉयलरचे स्वस्त पेलेट वापरा. चार, लाईट गेली तर काही करू नका, आली की ग्रिल आपोआप पुढे चालू होतं. पाच, आतला काळा थर खरवडू नका, त्यानेच चव येते. सहा, फारच घाण झालं तर पाइप लावून धुवा. सात, राख झाडांना घाला, फुकटचं खत.

सुरुवात दोन नंबरपासून करतो, कारण बाकीच्या चुकांनी ग्रिल बिघडेल, या चुकीने घर पेटेल.

राख तासाभरात थंड होते हे लिहिणाऱ्याने आयुष्यात चूल पेटवलेली नाही. आपल्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायच्या आणि सकाळी राख बाजूला सारून त्याच निखाऱ्यावर चूल फुंकायच्या. काडेपेटीचा खर्च वाचवायची ती रीत होती. राखेतून उष्णता लवकर बाहेर जात नाही आणि हवाही आत अगदी थोडी शिरते, त्यामुळे निखारा विझत नाही, नुसता धुमसत राहतो. वरून हात लावला तर राख कोमट लागते, आत लाल असतं. कराडकडच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणाऱ्या माणसाला विचारा, काल काढलेल्या राखेच्या ढिगात आज अनवाणी पाय घालशील का म्हणून. मोठ्या ढिगात निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो.

ग्रिलमध्ये राख थोडी असते हे खरं. पण पेलेटचे अर्धवट जळलेले तुकडे तिच्यात असतातच. तशी राख प्लास्टिकच्या पोत्यात भरली की पोतं वितळून भोक पडतं, निखाऱ्याला हवा मिळते, आणि पोतं टेकलेलं असतं पाचटाला. पाचट कसं पेटतं ते ऊसवाल्याला सांगायला नको. व्हॅक्यूमचं तर त्याहून वाईट. घरच्या व्हॅक्यूममध्ये कागदाची किंवा कापडाची पिशवी असते. निखारा त्या पिशवीत ओढायचा आणि वरून मोटरच्या झोताने त्याला हवा घालायची, म्हणजे भाता मारल्यासारखंच झालं.

याबाबत दुमत नाही. ग्रिलसोबत येणारी मॅन्युअल काढून बघा. कंपनी कुठलीही असो, राखेबद्दल जवळजवळ तीच वाक्यं असतात: राख घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा, डबा न जळणाऱ्या फरशीवर किंवा जमिनीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा, आतला शेवटचा निखारा पूर्ण विझेपर्यंत झाकण बंद ठेवा. अमेरिकेतली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन, जिच्या नियमांवर तिकडची अग्निसुरक्षा चालते, ती सांगते की राखेचा डबा घरापासून निदान १० फूट लांब हवा. भाच्याला मी एवढंच सांगितलं: रात्री भाजणं झालं की ग्रिलला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी प्लग काढून, पत्र्याच्या डब्यात राख काढायची, डबा अंगणात फरशीवर, गोठ्याच्या उलट्या बाजूला. व्हॅक्यूम वापरायचाच तर राखेसाठीचा धातूच्या टाकीचा मिळतो तो, आणि तोही पूर्ण थंड राखेवरच.

आता चौथं सूत्र, कारण आपल्या भागात लाईट जाणं हा अपवाद नाही.

पेलेट ग्रिल कोळशाच्या शेगडीसारखं नुसतं पेटत नाही. हॉपरमधले, म्हणजे साठवणीच्या डब्यातले, पेलेट एक स्क्रू, ज्याला ते ऑगर म्हणतात, हळूहळू ढकलत फायरपॉटमध्ये टाकतो. फायरपॉट म्हणजे वाटीएवढं लोखंडी भांडं. त्याच्या बाजूला भोकं असतात, त्यांतून पंखा हवा फुंकतो, आणि तापलेला इग्नायटर पहिली आग लावतो. स्क्रू, पंखा, इग्नायटर, सगळं विजेवर. लाईट गेली की पंखा थांबतो, फायरपॉटमधले पेलेट हवेविना धुमसतात, धूर आत कोंडतो. आग स्क्रूच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकण्याचा धोकाही असतो. लाईट आल्यावर तसंच बटण दाबलं, तर अर्धवट जळलेल्या पेलेटवर नवे पेलेट पडतात, भांडं गच्च भरतं, पांढरा दाट धूर साठतो. मग आग एकदम लागली की तो सगळा धूर एकाच झटक्यात पेट घेतो आणि झाकण उडतं. झाकणाजवळ त्या वेळी बहुधा चिमटा घेतलेलं माणूस उभं असतं.

लाईट गेली तर प्लग काढा, जेवण गॅसवर करा, ग्रिल थंड होऊ द्या. फायरपॉट रिकामा करा आणि मगच नव्याने मॅन्युअलप्रमाणे पेटवा. आणि लाईट असतानाही प्लग ओढून ग्रिल बंद करू नका. बंद करण्याचं वेगळं चक्र असतं, त्यात पंखा काही मिनिटं चालून उरलेले पेलेट जाळून टाकतो. पाहुण्यांच्या गडबडीत तेवढं थांबायचं जिवावर येतं, पण पुढच्या वेळचा त्रास त्यातच कमी होतो.

पहिलं सूत्र, राख उष्णता धरते, यात सत्याचा एक कण आहे. राख उष्णता अडवते, हे वर मीच सांगितलं. पण फायरपॉटला उष्णता अडवून काही मिळत नाही, त्याला हवा हवी असते. राख साचली की भोकं बुजतात, इग्नायटर तिच्याखाली गाडला जातो. आग मंदावते, आतलं तापमान उतरतं, कंट्रोलरला वाटतं पेलेट कमी पडले, म्हणून तो आणखी पेलेट टाकतो. पुढे वर सांगितलं तेच घडतं. म्हणजे पेलेट वाचत नाहीत, उलट जास्त जातात. पाच-सहा वेळा भाजणं झालं, किंवा साधारण २० तास ग्रिल चाललं, की जाळी, ड्रिप ट्रे (चरबी गळून पडते तो पत्रा) आणि त्याखालचा पत्रा उचलून फायरपॉट साफ करायचा. पावसाळ्याआधी तर हमखास. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. वाई-पाचगणीच्या पावसात झाकून ठेवलेल्या ग्रिलमध्ये राख राहिली, तर दिवाळीला फायरपॉटच्या तळाशी तिचा ढेकूळ झालेला असतो आणि ढेकळाखाली पत्रा गंजलेला.

तिसऱ्या सूत्राबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, कारण बॉयलरचे पेलेट मी हाताळतो. हे ग्रिल अमेरिकेत, ओरेगन राज्यात, जो ट्रेगर यांनी १९८०च्या दशकात बनवलं, तेही लाकडाच्या भुशाच्या पेलेटसाठी. तिकडच्या प्रीमियम पेलेटमध्ये राखेची मर्यादा १ टक्का आहे. युरोपच्या ईएनप्लस ए१ दर्जाला ती ०.७ टक्के आहे. म्हणजे १० किलो पेलेट जाळले तर १०० ग्रॅमच्या आत राख. आपल्याकडे बॉयलरला जातो तो शेतातला माल: बगॅस (उसाचा चोथा), सोयाबीनचं भुसकट, शेंगांची टरफलं, भाताचं तूस. एकट्या तुसाची राख १५ ते २० टक्के पडते. त्यात सिलिका आणि पोटॅशियम एकत्र आलं की जास्त तापमानाला राख वितळून तिचा खडा बनतो, त्यालाच आम्ही क्लिंकर म्हणतो. बॉयलरमध्ये तो फोडायला आमच्याकडे सळई असते आणि माणूस असतो. ग्रिलच्या वाटीएवढ्या भांड्यात तो एका संध्याकाळीत बसतो.

पण राख ही त्यातली लहान तक्रार. बॉयलरच्या पेलेटमध्ये प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मिसळला नाही, याची हमी कुणी देत नाही, कारण बॉयलरला त्याचा फरक पडत नाही. त्या भुशात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, कधी रंगही. त्याचा धूर तुम्ही पनीरला आणि मक्याच्या कणसाला देणार आणि पोरांना खायला घालणार? खाण्यासाठीचे, कसलाही डिंक न घातलेले पेलेट महाग पडत असतील, तर ग्रिल कमी वेळा पेटवा. तेही परवडत नसेल तर बाभळीच्या कोळशाची साधी शेगडी बरी. तिच्यावरच्या रताळ्याला कुणी नावं ठेवत नाही.

काळ्या थराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, हे कबूल करतो. बिडाच्या तव्यावर जसा तेलाचा पातळ, घट्ट थर बसतो, तसा ग्रिलच्या आतल्या पत्र्यावर बसला तर गंज लागत नाही. तो ठेवा. पण झाकणाच्या आत पापुद्रे सुटून लोंबायला लागतात, ती काजळी असते. ती जेवणात पडते आणि तिला चव नसते, कडवटपणा असतो. ड्रिप ट्रेवरची चरबी तर रोजच काढायची, कारण पेट घेते ती. आणि चरबी पेटलीच तर झाकण बंद करून मेन स्विच बंद करायचा, पाणी मारायचं नाही. जाळी घासायला तारेचा ब्रश वापरू नका. सुटलेली तार अन्नातून पोटात गेल्याच्या सहा घटना अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २०१२ साली एका अहवालात नोंदवल्या आहेत. लाकडाचं खरवडणं किंवा कोमट जाळीवर ओलं फडकं पुरतं.

पाइपने धुण्यावर फार लिहीत नाही. आत वीज आहे, आणि ओले झालेले पेलेट फुगून स्क्रू जाम करतात. तो स्क्रू काढायला अख्खा दिवस जातो.

राहिलं खत. राखेत पोटॅश आणि चुना असतो, म्हणून हे सूत्र खोटं नाही. पण ते सरसकट लागू करणं चूक आहे. राख अल्कधर्मी असते. मिरज, पलूस, वाळवा तालुक्यांत कृष्णाकाठची कितीतरी जमीन पाण्याच्या अतिवापराने आधीच क्षारपड झाली आहे, आणि आपली काळी जमीन मुळातच चुनखडीची. तिथे राख टाकणं म्हणजे आजार वाढवणं. जावळी, महाबळेश्वरकडची तांबडी माती आम्लधर्मी आहे, तिथे माती तपासून चार मुठी राख फळझाडाच्या आळ्यात चालेल, रोपाच्या बुंध्याला चिकटवून नाही. तीसुद्धा फक्त फायरपॉटमधली कोरडी आणि पूर्ण थंड राख. ड्रिप ट्रेखालच्या राखेत मीठ, मसाला आणि चरबी मिसळलेली असते. ती कुठल्याच मातीत नको. डब्यात पूर्ण विझल्यावर कचरागाडीत टाका.