लॅबची किल्ली

होम सायन्सच्या एखाद्या विभागाची नवी इमारत झाली की फोटो येतात. चकचकीत ओटे, ओळीने मांडलेली शिलाई मशीन्स, फीत कापणारे पाहुणे. मी त्या फोटोत आधी छताकडे बघते. दिवे कुठले लावलेत?

दुसऱ्या वर्षाला असताना रंगवलेल्या कापडाला धागा जुळवत मी तीन तास बसले होते. ट्यूबच्या उजेडात दोन्ही अगदी एक दिसत होते. दुसऱ्या दिवशी खिडकीशी धरलं, तर कापड करडं आणि धागा चक्क हिरवट! मेटॅमेरिझमची, म्हणजे एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात वेगळे दिसण्याची, व्याख्या मला पाठ होती, पण ती कळली त्या खिडकीशी. यासाठीच लाइट बॉक्स असतो. आत दिवसाच्या उजेडासारखा ६५०० केल्विनचा दिवा, शेजारी घरातल्या बल्बसारखा पिवळा. बटण दाबत जायचं आणि तेच कापड दोन्हीत बघायचं. आमच्याकडे होता की! डेडस्टॉक रजिस्टरात नोंद होती, वस्तू कपाटात कुलूपबंद. का, तर "मुलींच्या हातात दिला की बिघडतो."

त्यामुळे कुणी मला विद्यापीठातल्या सोयींची यादी दाखवली की मी एवढंच विचारते, संध्याकाळी पाचनंतर किल्ली कुणाकडे असते?

यंत्र घेणं सोपं असतं हो, त्याची खोली सांभाळणं कठीण. कापडाची ताकद मोजायची तर आयएसओ १३९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हवा २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला धरावी लागते, आणि नमुना आधी त्या हवेत मुरू द्यावा लागतो. सुती धागा ओलसर हवेत मजबूत होतो, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) उलट कमजोर. वीज वाचवायला रात्री एसी बंद केला, तर सकाळी त्या महागड्या मशीनवर आलेले आकडे जर्नलात लिहायच्या लायकीचे राहत नाहीत. आम्ही लिहिले, गुणही मिळाले.

आहारशास्त्रवाल्या मैत्रिणींची तऱ्हा आणखी वेगळी. प्रथिनं मोजायला १८८३ सालापासून चालत आलेली केल्डालची पद्धत: नमुना गरम सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, नायट्रोजन मोजायचा, त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणायचं. याला धूर ओढून नेणारं फ्यूम हूड लागतं. आणि तिथेच, भिंतीपलीकडेही नाही, पदार्थ चाखून गुण द्यायचे! चाखायला खरं तर वेगळे कप्पे हवेत. रंगाने जिभेला फसवू नये म्हणून अनेकदा लाल दिवाही लावतात.

"स्वयंपाक-शिवणाला कसली आलीय लॅब?" असं म्हणणाऱ्यांना मी एलन रिचर्ड्सचं नाव सांगते. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळालेली पहिली बाई, १८७३ ची पदवी, मुळात रसायनतज्ज्ञ. ह्या विषयाचा पाया घालणाऱ्यांत ती आहे.

बालविकासवाल्यांचं मात्र जरा जपून बोलावं लागतं, कारण तिथे सोय म्हणजे जिवंत पोरं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९१९ पासून अनाथ बाळं आणून विद्यार्थिनींना पाळीपाळीने सांभाळायला देत. आज वाचताना अंगावर काटा येतो. म्हणून मला बालवाडी आणि मधली एकतर्फी काच, म्हणजे मुलांना न दिसता त्यांना बघायची सोय, जास्त पटते. मार्शमॅलोचा तो गाजलेला प्रयोगही (एक गोड खाऊ आत्ता, की थोडं थांबून दोन?) स्टॅनफर्डच्या विद्यापीठातल्याच बालवाडीत झाला. पण काचेमागची खोली अंधारी नसेल तर काच नुसती खिडकी होते. आमच्या काचेमागे झेरॉक्स मशीन ठेवलं होतं, दिवा सतत चालू. एक चिमुरडी रोज येऊन काचेला नाक लावायची आणि आम्हाला टाटा करायची. आमच्या निरीक्षण वहीत तिच्याबद्दल पानभर मजकूर आहे, "नैसर्गिक वर्तन" या मथळ्याखाली.

शेवटच्या वर्षी, परीक्षा संपल्यावर, शिपाई काकांनी गुपचूप ते कपाट उघडून दिलं. लाइट बॉक्सच्या नळ्यांवरचं पॅकिंगचं थर्माकोल अजून तसंच होतं.